वाघ का थांबला? चौथीच्या वर्गातला गोष्टींचा हिशेब

‘अर्थशास्त्र’ हा शब्द आमच्या शाळेच्या वेळापत्रकात कुठेच नाही. ‘शाश्वत विकास’ आहे, पण तो प्रशिक्षणाच्या फायलीत. तरी गेली काही वर्षं मी तिसरी-चौथीच्या पोरांना या दोन्ही गोष्टी शिकवते आहे आणि त्यासाठी माझ्या हातात मुख्यतः गोष्टीची पुस्तकं आणि वाटीभर चिंचोके असतात. हे कसं जमत गेलं असं बरेच शिक्षक विचारतात, म्हणून लिहिते.

शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात. निम्म्याहून जास्त घरं मासेमारीवर. ही पोरं गणिताच्या पुस्तकातल्या नफा-तोट्याला जांभया देतात, पण बोटीच्या हिशेबात पक्की असतात. डिझेल किती लागलं, बर्फ किती, मग बोटीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा, हे त्यांनी घरात रोज ऐकलेलं असतं. त्यामुळे ‘मुलांना पैशातलं काय कळतं’ असं कुणी म्हटलं की मला हसू येतं.

अडचण वेगळीच होती. पर्यावरण म्हटलं की मुलं पाठ केलेलं बोलायची. झाडे लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा. घोषणा खणखणीत, आत काही नाही. आणि गोष्ट सांगितली की लगेच कुणीतरी हात वर करून तात्पर्य सांगायचं, कारण आम्हीच त्यांना तशी सवय लावलेली. म्हणून पहिलं काम केलं ते तात्पर्य बंद करण्याचं. गोष्ट संपली की फळ्यावर तीनच प्रश्न: कुणी काय दिलं? कुणाला काय मिळालं? उद्यासाठी काय उरलं?

पुस्तकांची सोय फार अवघड गेली नाही. वाचनालयाची पेटी होती, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक होते आणि प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे गोष्टींचं संकेतस्थळ 2015पासून खुलं आहे, तिथून मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात. फक्त निवड करताना एक पथ्य पाळते. ज्या गोष्टीत शेवटच्या पानावर आजोबा किंवा झाड भाषण करतं, ती गोष्ट बाजूला. सरळ आपल्या लोककथा बऱ्या. त्यांच्यात उपदेश कमी आणि व्यवहार जास्त असतो.

सुरुवात चिऊ-काऊच्या घरांपासून केली. शेणाचं घर वाहून गेलं, मेणाचं राहिलं, इथपर्यंत सगळ्यांना पाठ. पण ‘कुणी काय दिलं?’ म्हटल्यावर वर्ग जागा झाला. मेण आणलं कुठून? पोळं मोडलं असणार. मग मधमाश्यांचं काय? शेण तर फुकट मिळतं. लगेच एकीने हरकत घेतली, फुकट कसं, आमची आजी शेण परड्यात घालते, ते काय उगीच? एका पोराने तर कावळ्याला सोसायटीचं कर्ज मिळालं असतं का, असं विचारलं. एका वस्तूची किंमत म्हणजे तिच्यासाठी सोडून दिलेली दुसरी वस्तू, हे मी न सांगता फळ्यावर आलं.

खरी मजा आली ती भोपळ्यातल्या म्हातारीला. कोकणात शाळा जूनच्या मध्याला सुरू होते आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे शाळा उघडते तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात आणि बाबालोक अंगणात जाळी शिवत बसलेले असतात. बंदी कशासाठी, हे पोरांना ठाऊक असतं: पावसाळ्यात मासे अंडी घालतात. म्हणून हीच गोष्ट पहिल्या पावसात घेतली. म्हातारी वाघाला सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा. वाघ थांबतो. कोल्हाही थांबतो.

मला वाटलं होतं, पोरं म्हणतील वाघ शहाणा, बंदीतल्या बोटवाल्यासारखा थांबला, शिकार मोठी होऊ दिली. पण मागच्या बाकावरचा एक बोटवाल्याचा पोरगा शांतपणे म्हणाला, “बाई, वाघ थांबला म्हणून तर उपाशी राहिला.”

खरंच की. म्हातारी भोपळ्यात बसून टुणुक टुणुक निघून गेली. थांबणाऱ्याच्या पदरात शून्य. मग प्रश्नावर प्रश्न निघाले. कोल्ह्याने आधीच खाल्ली असती तर? वाघाला कळलंसुद्धा नसतं. वाघ आणि कोल्हा एकमेकांशी बोलले होते का? नाही. मग दोघांनी थांबायचं कुणाच्या भरवशावर? गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1968 साली सामायिक कुरणाबद्दल जो निबंध लिहिला, त्यातला पेच नेमका हाच: जो तो आपली जनावरं वाढवत जातो आणि कुरण सगळ्यांचंच संपतं. म्हातारी एक आणि तिच्यावर डोळा दोघांचा.

पुढच्या आनंददायी शनिवारी, म्हणजे दप्तराविना खेळ-उपक्रमांच्या दिवशी, चिंचोके काढले. हा खेळ जगभर वेगवेगळ्या रूपांत खेळतात, आमचा असा. चौघांत एक ताट, ताटात 20 चिंचोके. हे मासे. प्रत्येक डावात प्रत्येकाने 3पर्यंत कितीही उचलायचे. डाव संपला की ताटात उरले असतील त्यांच्या दुप्पट करायचे, मात्र 20च्या वर नाही, कारण समुद्रालाही मर्यादा आहे. बोलायचं नाही.

बोलायचं नाही म्हटल्यावर सगळे तीन-तीन उचलतात. 12 गेले, उरले 8, झाले 16. पुन्हा 12 गेले, उरले 4, झाले 8. तिसऱ्या डावाला ताटावर झुंबड, दोघांना तीन-तीन, एकाला दोन, चौथ्याच्या हाती काही नाही. ताट रिकामं. रिकाम्या ताटाची दुप्पट किती, असं विचारल्यावर वर्गात जी शांतता पसरली तशी मी गणिताच्या तासाला कधी अनुभवली नाही.

मग बोलायची परवानगी दिली. पोरांनी पाटीवर आकडेमोड केली. दोन-दोन घेतले तर 8 जातात, 12 उरतात, पुन्हा 20 होतात. हे कायम चालतं. एका मुलीच्या लक्षात आलं की 10 उचलले तरी चालतं, कारण उरलेल्या 10चे 20 होतात. मग वरचे दोन कुणाचे? यावर भांडण जुंपलं. एक गट म्हणाला आळीपाळीने घ्यायचे. दुसऱ्या गटाने ते लक्ष ठेवणाऱ्याला दिले, कारण एकजण मुठीत तिसरा लपवत होता. राखणदाराचा पगार समुद्रातून!

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकी अभ्यासक बाईंना 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. लोक आपापसात नियम ठरवून, आपणच राखण करून सामायिक गोष्ट टिकवू शकतात, हे त्यांनी ठिकठिकाणचे दाखले देऊन मांडलं. त्यातला एक दाखला तुर्कस्तानातल्या अलान्याच्या मच्छीमारांचा. तिथे दर सप्टेंबरला जाळी टाकायच्या जागांची चिठ्ठी काढायचे. ज्याला जी जागा लागेल तिथून सुरुवात, आणि मग रोज पूर्वेकडच्या पुढच्या जागेवर सरकायचं. जानेवारीनंतर उलटं, पश्चिमेकडे. म्हणजे चांगली जागा फिरत फिरत सगळ्यांच्या वाट्याला. यावर मराठीत मुलांचं पुस्तक मला सापडलं नाही, म्हणून मीच गोष्ट लिहिली आणि पोरांनी चित्रं काढली. चित्रांतली अलान्याची बोट हुबेहूब आमच्या जेटीवरची आहे, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, झेंडूच्या माळेसकट. ते हस्तलिखित आता वर्गाच्या कपाटात आहे आणि छापील पुस्तकांपेक्षा जास्त हाताळलं जातं.

केंद्रप्रमुखांनी भेटीत विचारलं, हे कोणत्या अध्ययन निष्पत्तीत, म्हणजे मुलांना काय यायला हवं त्या सरकारी यादीत, बसवणार? प्रश्न रास्त होता. परिसर अभ्यासात बसवलं, गुणाकार-भागाकार गणितात आणि गोष्टीचं लेखन भाषेत. कागद पूर्ण असला की कुणी अडवत नाही.

पालकांकडून मात्र विचारणा झाली. पापलेट म्हणजे सरंगा 2023 साली राज्य मासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान पकडायचा नाही. हे वर्गात बोलल्यावर पोरं फूटपट्टी घेऊन जेटीवर गेली. दुसऱ्या दिवशी एक बाबा शाळेत हजर. “बाई, पोरगी माझी टोपली मोजते. तुम्ही आमच्या धंद्याविरुद्ध शिकवता काय?” मी त्यांना वर्गातच बसवलं आणि पोरांना म्हटलं, विचारा यांना. त्यांनी जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात असं मिळालं नसतं. लहान मासा जाळ्यात आला की परत सोडून उपयोग नाही, तो मेलेला असतो. मोजायचं तर टोपलीत नाही, जाळ्यात मोजा. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा हवा. पण मी एकट्याने आस मोठा केला तर माझ्या जाळ्यातून सुटलेला मासा शेजारच्याच्या जाळ्यात जातो. मागच्या बाकावरून आवाज आला, “वाघ आणि कोल्हा.” बाबांना काही कळलं नाही, मग पोरांनीच त्यांना म्हातारीची गोष्ट सांगितली.

यंदा खेळात एक बदल केला. चौघांपैकी एकाला चमचा दिला. बाकीच्यांना तीनची मर्यादा, चमच्यात मावतील तेवढे त्याचे. पर्ससीन, म्हणजे माशांचा अख्खा थवा वेढणारी मोठी जाळी, आणि रात्री मासे ओढून घेणारे एलईडी दिवे यांवरून किनाऱ्यावर जी भांडणं चालतात ती पोरांच्या कानांवर असतातच. एलईडी लावून मासेमारी करण्यावर 2017पासून बंदी आहे, तरी रात्री दिवे दिसतात, हेही त्यांना माहीत. चमचा दिल्यावर ठरलेले सगळे नियम कोसळले. बऱ्याच वादानंतर वर्गाने निकाल दिला: चमचेवाल्याने एक डाव सोडून एक खेळायचं.

चमचेवाला कबूल नाही. तो म्हणतो, मी चमचा कर्ज काढून घेतलाय, डाव सोडला तर हप्ता कोण भरणार? वर्गाकडे यावर अजून उत्तर नाही. दिवाळीनंतर कर्जावरची एखादी चांगली गोष्ट वाचायला घ्यायचा विचार आहे. सावकार दुष्ट आणि शेतकरी भोळा, एवढ्यावर न संपणारी कुणाला माहीत असेल तर कळवा.