दात की जुलाब?

इंग्लंडातल्या लेस्टर गावच्या जुन्या दफन-नोंदवह्या वाचून त्या कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी करते. ऐकायला उदास वाटतं, पण निम्मा दिवस एकेका अक्षरावर जातो. वयाच्या आकड्यापुढे कारकुनाने 'एम' लिहिलाय की 'डब्ल्यू', म्हणजे महिने की आठवडे, ते घाईच्या अक्षरात कळत नाही. मग मी टाकाचा दाब बघते. रेघ खाली येताना जाड होते, वर जाताना बारीक. 'एम'ला तीन जाड रेघा, 'डब्ल्यू'ला दोन. हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मीच शोधलंय.

गेल्या मंगळवारी १८८४ चा ऑगस्ट आला. ऑगस्टची पानं उघडायच्या आधीच माहीत असतात: तान्ही मुलं, 'जुलाब', आणि खाली नुसतं डिट्टो, डिट्टो. तेव्हा इंग्लंडात हजारी दीडशेच्या आसपास मुलं वर्षाच्या आत जायची. त्यातही मोजे आणि बुटांच्या कारखान्यांचं हे गाव उन्हाळी जुलाबांसाठी बदनाम. टोपलीचे संडास, माशा, आणि दुधाच्या बाटलीला लांब रबरी नळी, आतून कधी धड न धुतली जाणारी. जमिनीत चार फुटांवर पारा ५६ फॅरनहाइटला पोचला की साथ चढते, असं १८८९ च्या सरकारी अहवालात आहे. थर्मामीटर पुरून मोजणाऱ्यांच्या मेहनतीला मी नावं ठेवत नाही, पण माझा जीव त्या नळीतच अडकतो.

त्या पानावर एका घरची जुळी होती, नऊ महिन्यांची. पहिल्यापुढे 'जुलाब'. चार दिवसांनी गेलेल्या दुसऱ्यापुढे 'दात येणे'.

मरणाच्या प्रत्येक कारणाला आम्ही एक कोड देतो; त्या यादीत जुलाब आतड्यांच्या रोगांत जातात, दात 'इतर'मध्ये. एका पाळण्यातली दोन पोरं दोन तक्त्यांत! मी दुसऱ्यालाही जुलाबात टाकलं. तपासणाऱ्या सहकाऱ्याने परत पाठवलं, 'जे लिहिलंय तेच घ्यायचं.' नियम बरोबरच आहे. पण ऑगस्टमध्येच एवढे दात कसे येतात म्हटलं, तर म्हणाला, शेऱ्यात लिहा. शेरा कोण वाचतं? त्याने तरी कधी वाचलाय?

अर्थात मी तरी कुणाला बोलणार. सांगलीला माझ्या मुलाला जुलाब लागले तेव्हा आजी म्हणाली होती, "दात येतायत गं, होतं असं." मी दोन दिवस ऐकलं. तिसऱ्या दिवशी त्याला सलाइन लावावं लागलं.

शेवटी कोड बदलून दिला, शेरा लिहिला. शुक्रवारी सप्टेंबर उघडला. तिसऱ्याच ओळीत पुन्हा 'दात'. वय सात, आणि पुढच्या अक्षरावर शाईचा डाग. आठवडे असतील तर दात कुठले? भिंग लावून पाहिलं. जाड रेघा दोन दिसतात, तिसरी डागाखाली असेल किंवा नसेलही.