पोटात दुखायलंय ताई

सोलापूरजवळच्या कुंभारीत विडी घरकुल आहे, म्हणजे विडी कामगारांची वसाहत, तिथे आम्ही संध्याकाळी अभ्यासिका चालवतो, त्यातला चौथीतला एक मुलगा, नाव नाही लिहीत. गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली आणि रोज सकाळी शाळेच्या टायमाला त्याचं पोट दुखायला लागलं. आईने आधी ओवा दिला, मग दृष्ट काढली, मग दवाखाना, मग सोनोग्राफी. हजार विड्या वळल्या की मजुरी मिळते अशा घरात सोनोग्राफीचे पैसे म्हणजे काय ते विचारू नका. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले नाटकं करतोय, शाळेतही तेच ठरलं, आणि खरं सांगते मलाही दोन-तीन दिवस तसंच वाटलं होतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

पोट खरंच दुखतं हो! मन घाबरलं की पोटावर परिणाम होतो, मोठ्यांचाही होतो, पण लहान मुलाकडे 'मला टेन्शन आलंय' म्हणायला शब्दच नसतात, मग पोट दुखतं, डोकं दुखतं, कुणी अंथरूण ओलं करतं, कुणी उगाच मारामाऱ्या करतं आणि आपण त्याला वांड म्हणतो.

मी रोज समोर बसवून विचारायचे, काय झालं, कुणी मारलं का. "काय नाय ताई, पोटात दुखायलंय." एवढंच. मग सुट्टीच्या दिवशी तो शेजारच्या अक्काकडे जाऊन बसायला लागला. अक्का दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसते, त्याला पानाला हात लावू देत नाही, तो आपला बाजूला चित्र काढत बसतो. ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही, हात चालूच, मधेच तेलुगूत एखादं वाक्य. आणि त्याने तिला सगळं सांगितलं. वडील भिवंडीला पॉवरलूमवर गेलेत, आधी रोज फोन यायचा, तो बंद झाला, आणि आपण शाळेत गेलो की मागे आईपण जाईल असं त्याला वाटत होतं. घरात तेलुगू, शाळेत मराठी. मी मराठीतून विचारत होते, त्याची भीती तेलुगूत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

यावर वाचताना बिहारमधला एक अभ्यास सापडला, नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी हायस्कूलांमधला, २०१८ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. काही शाळांत मानसिक आरोग्याचा कार्यक्रम शिक्षकांनी राबवला, काही शाळांत ट्रेनिंग दिलेल्या साध्या माणसांनी, म्हणजे डॉक्टर नाही, मानसशास्त्राची पदवी नाही. शिक्षकांच्या शाळांत काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या शाळांत मुलांचं नैराश्य कमी झालं, दादागिरी कमी झाली. मला यात शिक्षकांचा दोष वाटत नाही, त्यांच्यामागे कामं किती, आणि जो मार्क देतो त्याला मूल कसं सांगणार?

अक्काला जमलं म्हणून डॉक्टर नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. मूल झोपत नसेल, जेवत नसेल, मरायच्या गोष्टी बोलत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल तर थांबू नका, आपल्या सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे, तिथे न्या. आणि १४४१६ लिहून ठेवा, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठी, तेलुगू, कन्नड सगळं बोलतात, आपल्या सोलापूरला तर हे फारच उपयोगी. घरात मारझोड होत असेल तर १०९८, ती मुलांसाठीची हेल्पलाइन.

पण त्याच्या आधीचं जे ऐकणं आहे ते गल्लीतच व्हायला पाहिजे आणि त्याचे पैसे मिळायला पाहिजेत, हे मी ठामपणे म्हणते. अक्का तासभर नीट लक्ष देऊन ऐकत बसली की तेवढ्या विड्या कमी होतात, मजुरी कमी होते. आता तिच्याकडे अजून दोन मुली येतात. म्हणून आम्ही चौघींनी वर्गणी काढून आठवड्याचे दोन तास तिचे धरले, थोडं ट्रेनिंग कुठून मिळेल तेही बघतोय. पहिल्या आठवड्यात तिने पैसे घेतलेच नाहीत, "लेकरांशी बोलायचे कसले पैसे" म्हणाली. दुसऱ्या आठवड्यात घेतले, आणि त्या दोन तासांना सूप आत ठेवलं. तर तो म्हणाला, अक्का, सूप घे की.