आमच्या गावात एसटी आणायचा खटाटोप

आमचं गाव फाट्यापासून साडेचार किलोमीटर आत, यवतमाळ जिल्ह्यात. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावासमोर बसची सोय लिहिलेली असते. गावात नसेल तर किती अंतरावर, ते. आमच्यासमोर 'पाच किलोमीटरच्या आत'. मोबाईलवर हे वाचून हसूच आलं. त्या 'आत'मध्ये एक नाला आणि जुलैतला काळ्या मातीचा गारा येतो.

लोकसंख्या पाचशेच्या खाली. हा आकडा आम्हाला जन्मभर नडला. २००० साली प्रधानमंत्री ग्राम सडक योजना आली, तिच्यात सपाट भागाला ५०० लोकसंख्येची अट. शेजारचं गाव बसलं, आम्ही राहिलो. डांबर पडलं ते कितीतरी वर्षांनी, मुख्यमंत्री ग्राम सडक योजनेतून.

रस्ता झाला म्हणून आगारात अर्ज दिला. पहिलाच प्रश्न, "भाऊ, गावची लोकसंख्या किती?" सांगितली. साहेब म्हणाले, "भारमान नाही बसत. डिझेलचा पैसा निंगत नाही." भारमान म्हणजे गाडीतल्या किती सीट भरतात, तो हिशेब. सहा महिने दर सोमवारी चकरा मारल्या. एकदा तर अर्जच सापडेना. शिक्क्याची पोच दाखवली तेव्हा सापडला. (पोच जपून ठेवा बाप्पा.)

शेवटी एका वाहतूक नियंत्रकानं चहाच्या टपरीवर कान टोचले, "गावात किती रायते हे काहून सांगता? गाडीत किती बसतीन ते सांगा ना."

मग आम्ही तिघं वही घेऊन आठवडाभर फाट्यावर बसलो, सकाळ-संध्याकाळ. काळीपिवळी जीपमध्ये कोंबलेले मोजले, मोटारसायकलवर ट्रिपल सीट आलेले मोजले, पायी आलेलेही मोजले. आमच्या रस्त्यावर कोलाम आदिवासींचा एक पोड, म्हणजे वस्ती, आहे. तिथली माणसं पायीच येतात, म्हणून आजवर कोणाच्या हिशेबातच नव्हती. शाळेच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट. पण आमच्या मुलींचा पास फाट्यापासून पुढं कामाचा. बायांचंही तेच. १७ मार्च २०२३ पासून एसटीत त्यांना अर्धं तिकीट, काळीपिवळीत पूर्ण पैसे, वर सीट भरेपर्यंत गाडी हलत नाही. एक काकू बाजाराच्या दिवशी डोक्यावर पिशवी घेऊन फाट्यापर्यंत पायी यायच्या, तेवढ्यात मिठा-तेलाचं भागते म्हणून. वहीत रोजचे साठच्या वर निघाले.

वहीची झेरॉक्स, शाळेचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव जोडला. आमची गटग्रामपंचायत, सरपंच दुसऱ्या गावचे. त्यामुळं ठरावाला दोन सभा लागल्या.

पाहणीला जीप आली. आलेल्या माणसानं लोकसंख्या विचारलीच नाही. नाल्याच्या पुलावर उतरून टेप लावला, निंबाची एक फांदी टपाला लागेल म्हणाला, आणि पारापुढं येऊन उभा राहिला. "गाडी पाठवतो मी, पण वळवाची कोठं?" पारापुढं एकाचा कुटाराचा (गुरांच्या भुशाचा) ढीग आणि दुसऱ्याचा उकिरडा. कुटार दोन दिवसांत हललं. उकिरड्याला पंधरा दिवस लागले. त्यातली भांडणं इथं लिहीत नाही, दोन्ही घरं आमच्या भावकीतली आहेत.

सव्वासहाची गाडी आली तेव्हा अर्ध्या गावानं अंघोळ केली होती. ड्रायव्हरला नारळ दिला. ती काकू पहिल्या सीटवर. कंडक्टरनं मशीनमध्ये शोधलं, आमचं गाव त्यात नव्हतंच. मग त्यानं शेजारच्या गावाचं तिकीट फाडलं, भाडं सारखंच आहे म्हणून. काकूंच्या नातीनं ते वाचून दाखवलं.

"अन् आपलं नाव कोठं हाय?"

"येईल मावशी, मशीनमध्ये टाकाचं राह्यलं," कंडक्टर म्हणाला, आणि घंटी वाजवली.