चारशे गाठी

"अगो, ज्याच्यावरून जन्मभर आमचे पाय घसरले, ते तुम्ही मुद्दाम लावणार?" आमच्या बचत गटाने समुद्री शेवाळाची शेती करायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंनी पहिलं हेच विचारलं. खडपावरचं शेवाळ वेगळं नि हे वेगळं, पण तेव्हा मलाही ते धड सांगता आलं नाही. आम्ही लावलं ते कप्पाफायकस. त्यातून कॅराजिनन काढतात, आइस्क्रीम-टूथपेस्ट दाट करायला ते लागतं. तमिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर बायका कित्येक वर्षं ही शेती करतायत. आमच्या रत्नागिरीकडे मात्र सगळं नवीन.

कागदपत्रांचं फार सांगत नाही, हेलपाटे कुणाला चुकलेत? २०२० साली आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बायकांना ६० टक्के अनुदान होतं. हे शेवाळ पाण्यावर तरंगत्या तराफ्याला बांधून वाढवतात. पण एका तराफ्याचा खर्च धरला होता १५०० रुपये. त्यात बांबू, दोरी, जाळं, तराफा जागेवर धरायला होडीचा असतो तसा नांगर, सगळं आणून दाखवा म्हणावं! वरचे पैसे आम्ही गटाच्या शिलकीतून घातले.

तराफा १२ बाय १२ फुटांचा. चार बाजूंना बांबू, कोपऱ्यांना तिरके तुकडे. त्यावर २० दोऱ्या, दर दोरीला २० रोपं, एकेक दीडशे ग्रॅमचं. म्हणजे एका तराफ्याला ४०० गाठी आणि ६० किलो बियाणं. बियाणं म्हणजे फांदीचे तुकडेच. ते ओल्या गोणपाटात, सावलीत ठेवायचं आणि शिंपडायचं तर खारं पाणी. आमच्यातल्या एकीने भाजीवर मारतात तसं नळाचं पाणी मारलं. दोन दिवसांत ती अख्खी गोण पांढरीफटक. बिचारी रडलीच.

नोव्हेंबरात लावणी केली. पंधरा दिवसांनी बघतो तर एका तराफ्यावरचे शेंडे गुल. त्याच्या खाली जाळं बांधायचं राहिलं होतं, माशांनी चरून टाकलं. घोवांना जाळ्यात मासे मिळेनात आणि इथे आमच्या पैशाने त्यांची मेजवानी!

लावलं की आपोआप वाढतं, खत-पाणी काही नको, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. वाढतं खरं, पण साफसफाईचं कुणी बोललं नव्हतं. दोन-तीन दिवसांनी ओहोटी बघून छातीभर पाण्यात उतरायचं, एकेक दोरी झटकायची, केसांसारखं बारीक शेवाळ गुंतलेलं असतं ते बोटांनी ओढून काढायचं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी खेळत नाही, गाळ जास्त बसतो. उधाणात पाणी खेळतं, पण मग नांगर सरकतो. एका रात्री दोन तराफे एकमेकांत अडकले, सकाळी ते सोडवताना निम्म्या गाठी तुटल्या.

४५ दिवसांनी काढणी. चांगल्या तराफ्यावर १८० किलो भरलं. त्यातलं ६० पुढच्या लावणीला, उरलं १२०. ते वाळवून हातात आलं जेमतेम १२ किलो. दहाला एक हा हिशोब माहीत होता, तरी पोतं उचलल्यावर पोटात गोळा आला.

वाळवायला पुळणीवर टाकायचं नाही, वाळू चिकटली की भाव पडतो. मांडवावर जाळं अंथरून त्यावर पसरायचं. इथे सासूबाई पुढे आल्या. सुकट घालण्यात त्यांची हयात गेलेली. किती वेळाने परतायचं, दवाआधी कधी झाकायचं, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही.

मे संपता संपता सगळं बाहेर काढलं. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं, त्यात हे तग धरत नाही. बियाणं पुन्हा विकत आणावं लागणार, त्याचे पैसे बाजूला ठेवलेत. तराफे माडांत उलटे टाकलेत. त्यातलं एक जाळं सासूबाईंनी सुकटीला नेलंय, अजून परत दिलेलं नाही.