डाव्या भुवईवर व्रण

"तो दगड मीच मारेल व्हता," आत्याआजी म्हणाली आणि रडायलाच लागली.

पारोळ्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांचं लष्करातून सुटल्याचं पुस्तक सापडलं. १९४६ चं, घड्यांवर चिरलेलं. मराठा लाइट इन्फन्ट्री, इटली. मी भराभर वाचत होतो. ओळखीची खूण: डाव्या भुवईवर व्रण. तिथे तिने माझा हात धरला. कैऱ्यांवरून भांडण, ती आठ वर्षांची.

एप्रिल १९४५ मध्ये मराठा पलटण इटलीतल्या सेनिओ नदीकाठी लढली. पलटणीतल्या नामदेव जाधवांना तिथल्याच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. आजोबा त्या नदीवर होते का, हे महिनाभर कागदांत शोधतोय. आत्याआजी मात्र इथेच ओसरीवर शेंगा सोलत होती. तिला कधी कोणी विचारलंच नाही. मीही नाही.

उद्या पुन्हा जातोय. आधी काय विचारू?