पॉइंट काढण्यापूर्वी

12 व्होल्टची, चार सिलिंडरची, कार्ब्युरेटर असलेली एक जुनी मोटार माझ्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा इंजिन कमी वेगावर मिसिंग करीत होते (मधूनच ठोका चुकवीत होते) आणि सीबी पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे यांत्रिक संपर्क, काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे, हे मालकांनी मनाशी पक्के केलेले होते. सीडीआयचा (कपॅसिटरमध्ये साठवलेल्या विजेने ठिणगी पाडणाऱ्या पद्धतीचा) स्वतंत्र बॉक्स घ्यावा की डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटून देणाऱ्या भागाच्या, टोपीखाली मावणारे हॉल सेन्सरचे (चुंबकाच्या साहाय्याने, न घासता ठिणगीची वेळ ओळखणारे) किट, एवढेच त्यांना विचारायचे होते.

मी प्रथम टोपी काढून रोटर उतरवला आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून पाहिला. तो स्पष्टपणे डुगडुगत होता. पॉइंटमधली फट जेमतेम 0.4 मिलिमीटर असते. शाफ्ट ज्यात फिरतो तो बुश झिजून त्यात 0.1 मिलिमीटरची जरी हालचाल आली, तरी ही फट दर सिलिंडरला वेगळी पडते आणि ठिणगीची वेळ पुढेमागे होते. ठिणगीबरोबर चमकणारा टायमिंग लाइट लावल्यावर पुलीवरची खूण एका जागी ठरेना, तेव्हा शंकेला जागाच उरली नाही. हॉल सेन्सरला असा प्ले थोडाफार चालतो, परंतु टायमिंगमधली चूक त्याने पूर्णपणे जात नाही. म्हणून आधी बुश बदलायचा, असे मी मालकांना सांगितले.

"मग पॉइंटच का ठेवू नयेत?" असे त्यांनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेत असताना चार सिलिंडरचे पॉइंट मिनिटाला 8000 वेळा उघडतात, कॉइलचा जवळपास 4 अँपिअर प्रवाह प्रत्येक वेळी तोडतात आणि हळूहळू जळत जातात. पॉइंटचा फायबरचा टाचेसारखा भाग झिजला की फट कमी होऊन टायमिंग मागे सरकते. सेन्सरमध्ये घासणारे काहीच नसते.

सीडीआयच्या ठिणगीचा व्होल्टेज फार झपाट्याने चढतो, त्यामुळे तेलकट प्लगही पेटतो, मात्र ती ठिणगी फार थोडा वेळ टिकते. कमी वेगावर पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ असेल, तर टिकाऊ ठिणगीच उपयोगी पडते, आणि या गाडीची तक्रार नेमकी तिथलीच होती. त्यामुळे मी नेहमीच्या कॉइलचीच, जास्त वेळ टिकणारी ठिणगी वापरणारे हॉल सेन्सरचे किट सुचवले.

मल्टिमीटरने मोजल्यावर कॉइलचा प्रायमरी रोध 1.5 ओहम निघाला, म्हणजे वायरिंगमध्ये कॉइलचा प्रवाह मर्यादित ठेवणारा बॅलास्ट रेझिस्टर होता. तो काढून टाकला असता तर 8 अँपिअरपर्यंत प्रवाह वाहून किटचे मॉड्यूल (कॉइलचा प्रवाह तोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळण्याची भीती होती. म्हणून रेझिस्टर कॉइलसाठी तसाच ठेवला आणि मॉड्यूलला पुरवठा मात्र त्याच्या आधीच्या तारेवरून दिला. बॅटरीचे ऋण टोक अर्थ आहे, हेही तपासून घेतले.

नवा बुश आणि सेन्सर बसवल्यावर पुलीवरची खूण स्थिर राहिली आणि मिसिंग थांबले. गाडी नेताना, इंजिन बंद असताना किल्ली चालू स्थितीत ठेवू नका, असे मी मालकांना बजावून सांगितले, कारण या साध्या किटमध्ये इंजिन थांबल्यावर कॉइलचा प्रवाह आपोआप तोडण्याची सोय नव्हती.