अळणी हिरवळ

टेकडी चढून वर आले आणि सावलीतल्या एका दगडावर टेकले. घड्याळाचा पट्टा घामानं चिकटत होता, म्हणून काढून मांडीवर ठेवला. तेवढ्यात एक तपकिरी फुलपाखरू आलं आणि थेट त्या पट्ट्यावर उतरलं. शेजारी पिवळीधमक फुलं डोलत होती, त्यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. पुढचे दोन पाय छातीशी मुडपून उरलेल्या चारांवर ते उभं राहिलं, गुंडाळलेली सोंड उलगडली आणि पट्ट्याच्या भोकांभोवती फिरवू लागलं. घाम वाळून जिथं पांढुरकी रेघ उठली होती, तिथं तर त्याचा मुक्कामच पडला. मी श्वास रोखून बसले. सगळं रान सोडून हे आपल्याकडे आलं, याचा थोडा अहंकार होतोच माणसाला.

तो फार टिकला नाही. पसंती माझी नव्हती, मिठाची होती. ओल्या मातीवर फुलपाखरं घोळक्यानं बसतात, त्याला जाणकार चिखलपान म्हणतात. त्या घोळक्यात बहुतेक नरच असतात. फुलातल्या मधात साखर हवी तेवढी, पण मिठातलं सोडिअम जवळजवळ नाहीच. म्हणून ते चिखलातून गोळा करायचं. कित्येक जातींत नर त्यातला वाटा मीलनाच्या वेळी मादीला देतो आणि तो पुढे अंड्यांत उतरतो. म्हणजे माझ्या घामावर कुणाचा तरी संसार उभा राहणार होता.

गोम अशी, की बहुतेक झाडांचं सोडिअमवाचून फारसं अडत नाही. पाला खाणाऱ्याचं मात्र अडतं. त्याच्या नसा, स्नायू, रक्त सगळं त्यावर चालतं. वाघाला ही विवंचना नाही, त्याचा घास मुळातच खारट. आपण हिरवंगार रान पाहून ‘काय ही समृद्धी!’ म्हणतो आणि त्याच रानात एखादं जनावर पोट तट्ट होईस्तोवर चरूनही अळणीच राहतं. उत्तर अमेरिकेतल्या सुपिरिअर सरोवरात आइल रॉयल नावाचं बेट आहे. तिथले मूस, म्हणजे थोराड हरणं, उन्हाळ्यात मानेपर्यंत पाण्यात शिरून तळाच्या वनस्पती उपटून खातात. गारव्याची मजा घेत असतील असं वाटतं. पण त्या पाणवनस्पतींत जमिनीवरच्या पाल्यापेक्षा कित्येक पट सोडिअम असतं.

आयबेक्सची गोष्ट तर डोळ्यांनी पाहूनही पटत नाही. इटलीच्या आल्प्समध्ये चिंजिनो नावाचं दगडी धरण आहे. त्याची भिंत जवळजवळ उभी. त्या भिंतीवर, पालीनं चिकटावं तशी, रानशेळ्यांची ही जात चढते. पायाखाली दगडाची बोटभर पुढे आलेली कड. खुराची किनार टणक आणि आतली गादी रबरासारखी मऊ, म्हणून तेवढी पुरते. वर गवत नाही की पाला नाही. दगडांवर जमलेले क्षार चाटायचे, एवढ्यासाठी हा जिवावरचा खेळ. त्याचं एक छायाचित्र मी कितीतरी वेळ न्याहाळलं होतं. पिल्लू आईच्या मागं उभं, मान वाकडी, जीभ दगडाला. खाली पाहण्याची त्याला फुरसतच नव्हती.

मिठावाचून निदान जीभ तरी वळवळते. कॅल्शिअमचं दुखणं मुकं. नेदरलँड्समधल्या काही जंगलांत ग्रेट टिट या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचं पातळ आणि सच्छिद्र निघू लागली. किडे, अळ्या, घरट्यांच्या जागा होत्या तशाच होत्या. शेवटी माग लागला तो गोगलगायींचा. आम्लपावसानं मातीतला चुना धुऊन नेला, चुन्याविना गोगलगायींचे शंख होईनात, त्या घटल्या. आणि ते शंख टिपून अंड्याचं कवच घडवणारी मादी रिकाम्या चोचीनं परतू लागली. इवल्याशा पाखराच्या हाडांत कॅल्शिअमची शिल्लक ती किती असणार? रोज एक अंडं घालायचं, तर रोजच्या रोज शोधायला हवं. हे संशोधन 1994 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातला मला सगळ्यात आवडलेला तपशील असा, की जिथं सहलीला आलेली माणसं उकडलेल्या अंड्यांची टरफलं टाकून जात, तिथल्या पाखरांचं बरं चाललं होतं. कचरा टाकण्याचं समर्थन मी करत नाही, पण गंमत वाटली खरी.

स्कॉटलंडच्या रम बेटावरची लाल हरणं तर समुद्रपक्ष्यांच्या पिल्लांची डोकी चावून खाताना आढळली आहेत. हाडांतलं कॅल्शिअम-फॉस्फरस हवं असतं. शाकाहार हे काही हरणाचं व्रत नव्हे.

कुठं जनावरांची संख्या रोडावली, की आपला संशय शिकाऱ्यावर, रोगावर, कुऱ्हाडीवर जातो. मातीवर सहसा कुणी संशय घेत नाही. सेलेनिअम लागतं अगदी औषधापुरतं, पण तेवढंही नसलं तर पाडसांचे स्नायू पांढरे पडून ती उभ्या उभ्या ढासळतात. कॅलिफोर्नियात केस्टरसनच्या तळ्यांत मात्र शेतांतून निचरून आलेल्या पाण्यानं तेच साचत गेलं आणि 1983 मध्ये तिथं पाणपक्ष्यांची बिनडोळ्यांची, वेड्यावाकड्या चोचींची पिल्लं सापडली. चिमूट सुटली तरी घात, सांडली तरी घात.

मग माणसानं मीठ पुरवावं का? चाटणाचा दगड ठेवला की दहा तोंडं एकाच जागी लागतात आणि रोग आयताच पसरतो. अमेरिकेतल्या ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात बाहेरून आणून सोडलेल्या पहाडी शेळ्यांना गिर्यारोहकांच्या घामाची आणि लघवीची चटक लागली. त्या माणसांच्या पाठी लागू लागल्या. 2010 मध्ये एका बोकडानं एकाचा जीव घेतला. अखेर 2018 ते 2020 या काळात तीनशेहून अधिक शेळ्या पकडून, डोळ्यांवर पट्टी बांधून, हेलिकॉप्टरखाली झोळीत लटकवून त्यांच्या मूळच्या डोंगरांकडे धाडल्या.

एवढं सगळं ठाऊक असूनही मी पट्टा हलवला नाही. फुलपाखरू आपण होऊन उडालं तेव्हा पाहिलं, तर पांढरी रेघ मधेच तुटली होती. टोपी काढली. तिच्या कडेलाही तसलीच रेघ होती. ती दगडावर उपडी ठेवली आणि आणखी थोडा वेळ बसून राहिले.